ज्याला विचारायचं होतं, तो यादीतच नव्हता

गेले आठ दिवस माझ्या दुकानात एकच आकडा फिरतोय. ७४,१९७.

मंद्रूपला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. अपर तहसील कार्यालयात काम असलेला माणूस कधी ना कधी माझ्याकडे येतोच. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीएम किसानची केवायसी, पोराचा जातीचा दाखला. मशीन गरम होईपर्यंत आणि सर्व्हर चालू होईपर्यंत दुसरं काय करायचं? राजकारण. ४ जूनपासून तर विचारूच नका. प्रणिती शिंदे ६,२०,२२५, राम सातपुते ५,४६,०२८, फरक ७४,१९७. आमच्याकडे सहावीतल्या पोरालाही ही वजाबाकी पाठ झाली असेल.

निकाल का असा लागला, याची उत्तरंही दुकानात रोज नवी येतात. एक जण म्हणतो संविधान. दुसरा म्हणतो मराठा समाजाचा राग. तिसरा म्हणतो, २०१९ ला वंचितकडून स्वतः प्रकाश आंबेडकर उभे होते, १,७०,००७ मतं घेतली, यंदा वंचितच्या उमेदवारानं अर्जच मागं घेतला, संपला विषय. चौथा म्हणतो, परका उमेदवार दिला की असंच होणार. प्रत्येकाच्या बोलण्यात तथ्य आहे. मी झेरॉक्स काढत काढत सगळ्यांना हो म्हणतो. धंदा आहे, भांडून चालत नाही. मत कुणाला दिलं तेही विचारू नका.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि ती दुकानात बोलायला वेळ पुरत नाही, म्हणून इथं लिहितोय. जरा लांब आहे. वाचा.

डिसेंबरपासून सुरू करतो.

माझ्या मेव्हण्याची शेती नदीकडं आहे. दीड एकर लाल कांदा होता. आपल्या भागातला हा कांदा डिसेंबर-जानेवारीत सोलापूरच्या मार्केटला जातो. हा कांदा टिकत नाही. नाशिककडचा उन्हाळी कांदा चाळीत भरून चार-सहा महिने थांबता येतं, आपल्याला ती सोय नाही. काढला की पिशवीत, पिशवी टेम्पोत, टेम्पो मार्केट यार्डात. जो भाव मिळेल तो. आणि ८ डिसेंबर २०२३ ला केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली. बरोब्बर आपला माल निघायच्या टायमाला. आधी सांगितलं ३१ मार्चपर्यंत. मग मार्च संपायच्या आत ती पुढं वाढवली.

मेव्हणा जानेवारीत दुकानात आला तो पट्टी घेऊन. पट्टीची झेरॉक्स काढायची होती, कशाला ते त्यालाही नीट सांगता येईना. "काढून ठेव दाजी, लागंल कुठंतरी." पट्टीवर हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन खाली जे उरलं होतं त्यात काढणीच्या बायकांची मजुरीसुद्धा भागत नव्हती. त्याच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला ५१२ किलो कांद्याचे सगळं वजा जाता दोन रुपये मिळाले होते. ती पट्टी देशभर फिरली. तेव्हा निर्यातबंदी नव्हती, आवक जास्त होती. म्हणजे कांदा कधी कशानं मारतो, कधी कशानं. पण यंदाचा मार दिल्लीतून आला होता, सहीशिक्क्यानिशी.

मग एप्रिलच्या २५ तारखेला गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी दिली. ते ऐकून आमच्याकडं जे शब्द निघाले ते इथं लिहिता येत नाहीत. आणि ४ मे रोजी बंदी उठली. आमचं मतदान ७ मे ला. उठली म्हणजे कशी, तर ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनाला किमान ५५० डॉलर भावाची अट ठेवून. तोपर्यंत आपला लाल कांदा विकून, खाऊन, पचून महिने झाले होते.

आता मला सांगा, हा प्रश्न कुणाला विचारायचा?

सरपंचाला नाही. झेडपी सदस्याला नाही. आमदारालासुद्धा नाही. गल्लीतल्या गटारीपासून उजनीच्या पाण्यापर्यंत सगळं आपण सगळ्यांनाच विचारतो, तो भाग वेगळा. उजनी यंदा उणे साठ टक्क्यांच्या आसपास गेली. सोलापूर शहरासाठी नदीतून पाणी सोडलं की टाकळी-औजकडच्या शेतकऱ्याच्या मोटारीची वीज दोन तासांवर येते, हे दर उन्हाळ्याचं रडगाणं. प्रचारात दोन्ही बाजूंना लोक त्याच्यावरच बोलले. बोलायलाच पाहिजे. पण उजनीतून पाणी कधी आणि किती सोडायचं ते राज्य ठरवतं, कालवा सल्लागार समिती ठरवते, तिथं पालकमंत्री बसतात. खासदार फार तर पत्र देणार. निर्यातबंदी मात्र नखशिखांत दिल्लीचा विषय. लोकसभेत उभं राहून "माझ्या मतदारसंघातला कांदा आत्ता निघतोय, आत्ता बंदी घालू नका" असं म्हणायचा अधिकार आमच्या वतीनं एकाच माणसाला होता. त्याचं नाव सोलापूरचा खासदार.

आणि तो माणूस उमेदवारच नव्हता.

हे लक्षात आलं मला मतदानाच्या आठवडाभर आधी. एक कार्यकर्ता पोरगा चिठ्ठ्या घेऊन दुकानात आला. चांगलं पोरगं आहे, माझ्याकडंच भरतीचे फॉर्म भरतं. मेव्हणा तिथंच बसलेला. त्यानं विचारलं, "कांद्याचं काय केलं रे तुमच्या खासदारानं?" पोरगं म्हणालं, "मामा, ते आता नाहीत ना. आपला उमेदवार नवीन आहे. याला संधी देऊन बघा." दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाचा पोरगा आला. त्याला तोच प्रश्न. तो म्हणाला, "आमचा खासदार कुठं होता मामा? आम्हाला निवडून द्या, मग विचारा." दोघंही खरं बोलत होते! मेव्हण्यानं चहा संपवला आणि गाडीला किक मारली.

रात्री दुकान बंद करून मी जुने निकाल काढून बसलो. आता बघा गंमत.

१९९८ आणि १९९९ ला सुशीलकुमार शिंदे इथून खासदार. २००३ ला ते मुख्यमंत्री झाले, आमच्याच दक्षिण सोलापुरातून पोटनिवडणुकीत विधानसभेवर गेले, लोकसभेची जागा रिकामी झाली. त्या पोटनिवडणुकीत भाजपचे प्रतापसिंह मोहिते-पाटील निवडून आले. वर्षभरात २००४ ची निवडणूक लागली तर भाजपचा उमेदवार वेगळा, सुभाष देशमुख. त्यांनी उज्ज्वलाताई शिंदेंना हरवलं. पाच वर्षांनी मतदारसंघांची पुनर्रचना झाली, सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झालं, देशमुख इथून उभे राहूच शकत नव्हते. ते गेले माढ्याला शरद पवारांच्या समोर. २००९ ला पुन्हा सुशीलकुमार शिंदे. २०१४ ला भाजपचे शरद बनसोडे. २०१९ ला बनसोडेंचं तिकीट कापलं, जयसिद्धेश्वर महास्वामी आले. २०२४ ला महास्वामींचं तिकीट कापलं, राम सातपुते आले.

१९९९ नंतर एकदाच, फक्त २०१४ ला, सोलापूरचा चालू खासदार "माझं काम बघा आणि मत द्या" म्हणत लोकसभेला आपल्या दारात उभा राहिलेला मला दिसला. देशाचा गृहमंत्री होता तो माणूस तेव्हा. आमच्या तालुक्यातलं फताटेवाडीचं एनटीपीसी त्यांच्या ऊर्जामंत्रिपदाच्या काळातलं. आणि सोलापूरनं त्यांना १,४९,६७४ मतांनी पाडलं. बरोबर पाडलं का चूक, त्यावर दुकानात दोन गट आहेत आणि मी कुठल्याच गटात नाही. पण पेपर तरी झाला होता. पोरगं पेपरला बसलं, मास्तरनं तपासला, नापास केलं. त्यानंतर दोन्ही वेळा परीक्षेच्या दिवशी पोरगंच बदललं.

आमच्याकडं निवृत्त मास्तर येतात एक, पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी. त्यांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, लोकसभेला माणूस कोण बघतो? चिन्ह बघतात. पक्षानं काम केलं नाही तर लोक पक्षाला पाडतात. यंदा पाडलंच की. मिळाला की हिशेब."

मास्तरांचं म्हणणं एकदम टाकाऊ नाही. मी दोन दिवस त्यावर विचार केला. मग परत आकडे काढले. भाजपला २०१४ ला मिळाली ५,१७,८७९. २०१९ ला ५,२४,९८५. २०२४ ला, म्हणजे हरले तेव्हा, ५,४६,०२८. हरतानासुद्धा मतं आधीपेक्षा एकवीस हजारांनी जास्त! मतदारही वाढलेत, त्यामुळं टक्का घसरलाय, ते मान्य. पण पक्षाच्या ऑफिसात बसून जो माणूस हा कागद बघणार, त्याला "कांद्यामुळं आपण हरलो" असं कुठं दिसणार? त्याला दिसणार की समोरची फूट मिटली. २०१९ ला शिंदे ३,६६,३७७ आणि आंबेडकर १,७०,००७, बेरीज करा, ५,३६,३८४. महास्वामींच्या मतांपेक्षा अकरा हजार जास्त होते ते, तेव्हाच. म्हणजे पुढच्या वेळी काय करायचं? फूट पाडायची आणि परत नवीन चेहरा आणायचा. शिकून शिकून हेच शिकणार ते.

आणि काँग्रेसवाल्यांनी लगेच खूश होऊ नये. हीच बेरीज उलट बाजूनं त्यांनाही लागू आहे. निवडून आलो ते आपल्या कामामुळं, असं समजायचं कारण त्यांनाही नाही.

परका-स्थानिक यावरही दोन शब्द लिहितो, कारण यंदाचा अर्धा प्रचार त्यातच गेला. प्रणितीताईंनी "सोलापुरात स्वागत आहे" असं पत्र लिहिलं, सातपुतेंनी "मी ऊसतोड कामगाराचा मुलगा" म्हणून उत्तर दिलं, आणि महिनाभर सगळ्यांच्या मोबाइलवर तेच. सातपुते मूळचे बीडचे, पण निवडणुकीच्या वेळी आमदार होते माळशिरसचे. माळशिरस सोलापूर जिल्ह्यातच येतं, फक्त लोकसभेला माढ्यात जातं. म्हटलं तर परके, म्हटलं तर जिल्ह्यातले. पण मी म्हणतो, स्थानिक असून काय झालं? महास्वामी अक्कलकोट तालुक्यातल्या गौडगावच्या मठाचे. याच्यापेक्षा स्थानिक कोण असणार? आमच्या मंद्रूप भागात कन्नड बोलणारी घरं किती, लिंगायत समाज किती, त्यांच्याबद्दल लोकांच्या मनात भक्ती किती, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. त्यांच्या जातीच्या दाखल्याचा वाद कोर्टात गेला, वर्षानुवर्षं तोच चघळला गेला. माझ्याकडं पोरांच्या जात पडताळणीसाठी आजोबाचा शाळेचा दाखला शोधत फिरणारे लोक रोज येतात, त्यांना त्या वादाचं फार वाटायचं. पण कांद्याच्या वेळी लोकसभेत काय विचारलं, असं कुणी विचारत नव्हतं. स्वामींना प्रश्न विचारणं हेच आपल्याकडं अवघड. पाया पडायचं की जाब विचारायचा? एक म्हातारे अण्णा आहेत, मी त्यांना हे बोललो तर हात झटकून म्हणाले, "येन माडूदु, देवरिगे कांदा केळतारेनु?" देवाला कुणी कांद्याचं विचारतं का! हसलो मी, पण त्यात सगळं आलं.

आता माझीच गोष्ट सांगतो, नाहीतर म्हणाल हा लोकांनाच शहाणपण शिकवतो.

लोकसभेच्या वेबसाइटवर प्रत्येक खासदाराचं पान असतं. त्यानं कुठल्या तारखेला कुठला प्रश्न विचारला, सरकारनं काय उत्तर दिलं, चर्चेत काय बोलला, सगळं पडलेलं असतं तिथं. फुकट. मी दिवसाला शंभर लोकांची कामं वेबसाइटवर करतो. ओटीपी सांग, अंगठा लाव, फोटो लहान कर. पाच वर्षांत एकदाही मी ते पान उघडलं नव्हतं. एकदाही! २०१९ ला मत दिलं, बोटाची शाई गेली, विषय संपला. मेव्हण्याच्या पट्टीची झेरॉक्स काढली तेव्हासुद्धा मला सुचलं नाही की बाबा, आपला खासदार कोण, त्याला चार ओळींचं पत्र तरी टाकू. पत्र टाकायला मला दहा रुपये लागत नव्हते. दुसऱ्यांच्या अर्जांचे मी पन्नास घेतो.

तेव्हा तिकीट कापणाऱ्या पक्षाला शिव्या देताना हेही धरायला पाहिजे. चालू खासदार बदलला तर गावात कुणी विचारलं का, की का बदलला? त्याच्या कामात काय कमी होतं? ते कमी होतं तर पाच वर्षं पक्ष काय करत होता? आणि कमी नव्हतं तर काढला कशाला? हा प्रश्न एका तरी सभेत उभं राहून विचारायचा होता. २९ एप्रिलला सोलापुरात पंतप्रधानांची सभा झाली, त्याच्या आधी राहुल गांधींची झाली. गाड्या भरून माणसं गेली आपल्याकडूनही. आली, ऊन लागलं म्हणाली, झोपली.

अजून एक हिशेब सांगतो, म्हणजे खासदाराकडं काय मागायचं ते कळंल. खासदार निधी वर्षाला पाच कोटी. ऐकायला मोठा. सोलापूर लोकसभेचे मतदार वीस लाखांच्या वर. भागा. डोक्यामागं पंचवीस रुपयेसुद्धा येत नाहीत. मोहोळपासून मंगळवेढ्यापर्यंत आणि शहरापासून अक्कलकोटपर्यंत सहा विधानसभा. आपल्या गावाच्या वाट्याला त्यातून एक हायमास्ट दिवा आला तर पेढे वाटायचे. तरीपण निवडणुकीनंतर पहिला अर्ज जो जाणार तो सभामंडपासाठी, पेव्हर ब्लॉकसाठी. मीच टाइप करतो ते अर्ज, मला माहिती आहे. पाच कोटीसाठी खासदार लागत नाही हो. कांद्याची बंदी कधी घालायची, कधी उठवायची, आयात-निर्यातीचं धोरण पीक निघायच्या आधी जाहीर करा, हे तिथं ओरडायला खासदार लागतो. बाकी एनटीपीसी, हायवे, रेल्वे, हीसुद्धा दिल्लीची कामं आहेत, त्यासाठी लागतो.

प्रणितीताई शहर मध्यच्या तीन वेळच्या आमदार. शहराचा त्यांचा अभ्यास असेल. दक्षिण सोलापूरचा लाल कांदा कधी निघतो ते त्यांना कुणी सांगितलं असेल की नाही मला माहीत नाही. असेल तर उत्तम. नसेल तर सांगायला पाहिजे, आणि आत्ता, जूनमध्ये, बियाणं टाकायच्या आधी. डिसेंबरमध्ये मार्केट यार्डात पट्टी हातात घेऊन रडल्यावर नाही.

आणि २०२९ ला त्यांच्या पक्षानंही, काहीतरी गणित करून, उमेदवार बदलला तर? नवा चेहरा, नवी संधी, नवं पत्र? आज निवडून आलेल्या माणसानंच पाच वर्षांनी आपल्या दारात यावं, एवढी एक गोष्ट मला पाहिजे. आल्यावर मत द्यायचं की नाही ते तेव्हा बघू.

सोमवारी मी एक काम केलं. दुकानात दोनशे पानी वही ठेवली. पहिल्या पानावर तारीख, निकालाचे आकडे. पुढं प्रत्येक पानावर तीन रकाने: काय मागितलं, कधी मागितलं, काय झालं. फक्त दिल्लीच्या अखत्यारीतलं लिहायचं, गटार आणि सभामंडप लिहायचं नाही. अधिवेशन सुरू झालं की आपल्या खासदारांनी विचारलेल्या प्रश्नांची प्रिंट काढून त्याच वहीत चिकटवणार. प्रिंटचे पैसे मी घेणार नाही.

पहिली नोंद मेव्हण्याची आहे. त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलंय, अक्षर वाईट आहे पण वाचता येतं. जानेवारीतल्या पट्टीची ती झेरॉक्स शेजारी चिकटवलीय. लागली एकदाची. दुसरी नोंद एका आक्कांची, त्यांनी सांगितली, मी लिहिली. काल दोन पोरांनी वहीत आपापल्या पक्षाची चिन्हं काढून ठेवली होती. ते पान फाडलं.

वही काउंटरच्या डाव्या हाताला आहे, आधारच्या मशीनपाशी. पेन दोरीनं बांधलंय. सोडून नेऊ नका.